पायाखालची हवा



पसरणी घाट उतरताना माझ्या काँटेसाचं ब्रेक पेडल दगडासारखं घट्ट झालं. मे महिना, भर दुपार, मागच्या सीटवर आई आणि दोन मुलं. जिवाच्या आकांताने पाय दाबत होतो. गाडी थांबत होती, पण फार उशिरा. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढत कठड्याशी गाडी लावली. अर्ध्या तासाने, इंजिन निवल्यावर, गाडी सुरू केली तर तेच पेडल अलगद खाली गेलं.

त्या अर्ध्या तासातच दुखणं काय ते दडलं होतं. मला ते कळायला तीन महिने लागले. एका गॅरेजने पॅड बदलले, मग मास्टर सिलिंडर बदलला, शेवटी ‘नवा बूस्टर आणा’ म्हणून सांगितलं. काँटेसाचं उत्पादन २००२ मध्ये थांबलं. तिचा बूस्टर काही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. नव्या गाडीत पार्ट बदलत बदलत दोष सापडतो. जुन्या गाडीत तो आधी शोधावाच लागतो.

बॉनेट उघडा. मास्टर सिलिंडरच्या मागे पातेल्याएवढा काळा पत्र्याचा डबा दिसेल. तो बूस्टर. त्याच्या आत रबरी पडदा असतो. पिस्टन खाली जाताना इंजिन हवा ओढतं, ती या डब्यातूनही ओढली जाते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना निर्वात होतो. पेडल दाबलं की पायाकडच्या बाजूला झडप उघडते, बाहेरची हवा आत घुसते आणि पडदा पुढे रेटते. इंजिन फक्त जागा रिकामी करून देतं. जोर लावते ती आपल्याभोवतीची हवा.

हा जोर किती? २० सेंटिमीटर व्यासाचा पडदा घ्या. क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. धडधाकट पेट्रोल इंजिन आयडलिंगला साधारण ४५० मिलिमीटर पाऱ्याइतका व्हॅक्यूम देतं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६०० ग्रॅम. गुणाकार १९० किलोच्या आसपास येतो. दोन-अडीच पोती धान्य तुमच्या पायाच्या बाजूने उभी असतात, आणि ती नाहीशी झाली की घाटात काय होतं ते मी अनुभवलं आहे. उंचीवर हवाच विरळ असते. दर ३०० मीटरला व्हॅक्यूम साधारण २५ मिलिमीटरने उतरतो. पुण्यात काठावर पास होणारं इंजिन पाचगणीला नापास होतं ते यामुळे.

आता तपासणी. पाना नको, पाय पुरे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, साठलेला व्हॅक्यूम संपेल. मग पेडल दाबून धरा आणि चावी फिरवा. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं तर बूस्टर जिवंत आहे. दुसरी परीक्षा: गाडी चालवून इंजिन बंद करा, पाच मिनिटांनी ब्रेक दाबा. दोन-तीन वेळा तरी मदत मिळायला हवी. पहिल्याच खेपेला पेडल कडक लागलं तर वन-वे व्हॉल्व्ह किंवा एखादा जोड हवा सोडतोय. ब्रेक दाबून धरल्यावर फुसफुस आवाज येत राहिला आणि आयडलिंग अडखळलं, तर मात्र पडदा फाटलेला असायची दाट शक्यता. ब्रेक ऑइल कमी होतंय पण खाली थेंबही दिसत नाही? मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलंय आणि ऑइल बूस्टरमध्ये उतरतंय.

स्पंजासारखं लागणारं किंवा दाबून धरल्यावर हळूहळू बुडणारं पेडल हे वेगळं दुखणं. तिथे पाइपातली एअर आणि मास्टर सिलिंडर बघा, बूस्टरला हात लावू नका.

माझ्या गाडीत दोष निघाला तो हातभर पाइपात. इंजिनापासून बूस्टरपर्यंतचा व्हॅक्यूम पाइप कुणीतरी कधीतरी बदलून तिथे साधा पाण्याचा पाइप बसवला होता. पाण्याचा पाइप आतून बाहेर ढकलणारा दाब सोसतो. इथे त्याला बाहेरून आत चेपणारा दाब सोसायचा होता. गार असताना तो उभा राहायचा. इंजिन तापलं की रबर मऊ पडायचं आणि पाइप चपटा व्हायचा. आतून धाग्यांचं अस्तर असलेला खरा व्हॅक्यूम पाइप बसवला आणि प्रश्न मिटला.

पाइप ठीक असेल तर मॅनिफोल्डला गेज लावा. काटा स्थिर पण खाली असेल तर इग्निशन टायमिंग मागे पडलं असेल. काटा ठरावीक तालात झटके देत असेल तर व्हॉल्व्ह जळला असेल. कमजोर ब्रेकचा इलाज टॅपेट आणि टायमिंगमध्ये सापडतो, हे गाडीवाल्यांना सहज पटत नाही. पेट्रोल काढून डिझेल इंजिन बसवलेल्या गाड्या तर आपल्याकडे गावोगाव आहेत. डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये उपयोगाचा व्हॅक्यूम तयारच होत नाही. त्याला अल्टरनेटरच्या मागे किंवा इंजिनावर वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो न लावता केलेलं रूपांतर अर्धवट आहे आणि धोक्याचं आहे.

सुधारणा करायची तर आधी चाकांपासून. जाम कॅलिपर, आतून फुगलेले होज, काचेसारखे गुळगुळीत झालेले लायनर, वर्षानुवर्षं न बदललेलं ब्रेक ऑइल. मोठा बूस्टर पायाचे कष्ट कमी करतो, पॅडची पकड वाढवत नाही. मोठ्या बोअरचा मास्टर सिलिंडर बसवला की ब्रेक जबरदस्त होतो, हा समजही उलटा आहे. पाऊण इंचाऐवजी सात अष्टमांश इंचाचा सिलिंडर लावलात तर पेडल छोटं आणि खणखणीत लागेल, पण तेवढ्याच जोराला दाब चौथ्या हिश्शाहून जास्त घटेल. आणि एक कळकळीची विनंती: जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती धूळ आधी जाते ती खाली वाकलेल्या पोऱ्याच्या छातीत.

घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे माझ्या ओळखीत आहेत, या सभागृहातही असतील. इंजिन थांबलं की बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरती शिल्लक उरते आणि पसरणीला वळणं त्याहून पुष्कळ आहेत. चावी फिरवू नका. दुसऱ्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना, पेट्रोल इंजिन सगळ्यात जोरात हवा ओढतं आणि तो काळा डबा वळणावळणाला पुन्हा रिकामा करून देतं.