लिफ्ट धक्के देते? आधी तेलातला फेस बघा

नांगर उचलताना ट्रॅक्टरची लिफ्ट धक्के देऊ लागली, पंप कुरकुरू लागला, की 'पंप गेला' म्हणून मोकळे होऊ नका. नव्या पंपाला पैसे मोजण्याआधी तेलात हवा शिरली आहे का ते बघा.

तेल सहसा दबत नाही, म्हणूनच ते वजन उचलते. हवा मात्र दबते. तेलात बुडबुडे झाले की लिफ्ट अडखळते, आणि पंपात दाबाखाली ते फुटून आतला धातू कुरतडतात.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, नांगर जमिनीला टेकवा, इंजिन बंद करून तेल मोजा. कमी तेलात पंप हवा ओढतो. पुस्तिकेत सांगितलेलेच तेल खुणेपर्यंत घाला, खुणेच्या वर नको.

तेल दुधाळ दिसले तर थोडे काचेच्या बाटलीत ठेवा. हवा असली तर ते हळूहळू निवळते. रात्रभर दुधाळच राहिले तर त्यात पाणी आहे, तेल बदला आणि पाणी कुठून येते ते शोधा.

तेल पुरेसे असूनही फेस येतो? पंप बाहेर बसवलेला असेल तर त्याच्याकडे तेल आणणारी नळी तपासा. इथे हवा आत ओढली जाते, त्यामुळे सांधा कोरडाच दिसतो आणि भलेभले मेकॅनिक फसतात. इंजिन बंद असताना सांध्याला ग्रीस चोपडा, मग चालू करा. कुरकुर थांबली, की चोर सापडला! क्लॅम्प आवळा, वॉशर बदला.

दाबाच्या नळीवर मात्र हात फिरवू नका. बारीक चिळकांडी कातडीत घुसते. तसे झालेच, तर दुखत नसले तरी ताबडतोब दवाखाना गाठा.