शाळेचे मैदान आणि जवानांचे स्मरण

(नव्या शैक्षणिक सत्राच्या प्रारंभी नागपूर येथे शिक्षक, पालक व पंचायत सदस्यांच्या सभेत एका निवृत्त क्रीडाशिक्षकाने केलेले भाषण)



उर्वरित महाराष्ट्रात शाळेची घंटा जूनच्या मध्यास वाजते. आपल्या विदर्भात मात्र उन्हाचा ताप ओसरण्याची वाट पाहावी लागते आणि जूनच्या अखेरीस वर्ग भरतात. कोऱ्या वह्यांचा वास, पहिल्या सरींनी मऊ झालेले मैदान आणि पहिलीतल्या बालकांची रडारड, असा हा दिवस आहे.

या सत्रात लवकरच दोन दिवस येतील. २६ जुलै हा कारगिल विजय दिन. १९९९ च्या त्या युद्धातील जवानांचे त्या दिवशी आपण स्मरण करतो. २९ ऑगस्ट हा मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस. तो राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. पहिल्या दिवशी हार आणि भाषणे, दुसऱ्या दिवशी शर्यती आणि बक्षिसे, असा आपला रिवाज आहे. या दोन दिवसांचे नाते केवळ ध्यानचंद सैन्यात होते एवढ्यावर संपत नाही. ते अधिक खोल आहे आणि आजच्या सभेत तेच मला सांगावयाचे आहे.

नागपूरकरांना सैन्य परके नाही. येथून पंधरा-सोळा किलोमीटरवर कामठीस ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या रेजिमेंटचे केंद्र आहे. याच रेजिमेंटच्या चौदाव्या बटालियनचे लान्स नायक अल्बर्ट एक्का यांना डिसेंबर १९७१ मध्ये गंगासागरच्या लढाईत वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीरचक्र देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. असे वीर परत आले नाहीत, म्हणून आपण त्यांच्या प्रतिमेपुढे नतमस्तक होतो. परंतु जे जबर जखमी होऊन परत आले, त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

त्याचे एक उत्तर सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या एका जवानाने दिले आहे. मुरलीकांत पेटकर हे सैन्याच्या ई. एम. ई. विभागात कारागीर होते आणि उत्तम मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कंबरेखालचे शरीर लुळे पडले. मुष्टियुद्ध संपले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि पोहू लागले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. ऑलिंपिकमध्ये आपल्याला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळण्यास त्यानंतर ३६ वर्षे लागली. पेटकरांना पद्मश्री मिळाली, ती मात्र २०१८ मध्ये.

या स्पर्धांचा उगमही युद्धातलाच आहे. डॉ. लुडविग गुटमन हे नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून इंग्लंडला आलेले डॉक्टर. १९४४ पासून स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात ते मणक्याला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करीत. खेळामुळे स्नायूंना बळ येते, तसाच जगण्याचा धीरही येतो, हे त्यांनी ओळखले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, त्यांनी चाकांच्या खुर्चीवरील सोळा जखमी सैनिक स्त्रीपुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा भरविली. त्या छोट्या स्पर्धेतून पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. नागपूरच्या ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये तिरंदाजीत जागतिक विजेतेपद मिळविले, तेव्हा आपण सर्वांनी आनंद केला. तोच खेळ एकेकाळी कंबरेखाली लुळ्या पडलेल्या सैनिकांना नवे जीवन देत होता, हेही आपण ध्यानात ठेवू या.

आता माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. माझ्या वर्गात पोलिओने एक पाय अधू झालेला एक मुलगा होता. खेळाच्या तासाला मी त्याला इतरांची दप्तरे आणि चपला सांभाळावयास बसवीत असे. आपण त्याला त्रासातून सोडवीत आहोत, अशी माझी समजूत होती. दोन वर्षे त्याने ते काम बिनतक्रार केले. शाळा सोडून जाताना तो म्हणाला, "सर, माझे हात चांगले होते. एकदा तरी गोळा फेकू द्यायचा होता." माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

म्हणून माझी आपणा सर्वांस विनंती आहे. बालकांच्या सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने शाळेला क्रीडांगण आणि प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य आवश्यक मानले आहे. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने त्यांनाही इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी देण्याचे बंधन शाळांवर घातले आहे. कायदा झाला, अंमल आपल्या हाती आहे. पंचायत सदस्यांनी शाळेच्या मैदानावर विटांचे ढीग आणि मांडवाचे खड्डे राहू देऊ नयेत. मुख्याध्यापकांनी परीक्षा जवळ आली म्हणून खेळाचा तास गणिताला देऊ नये. अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी साहित्याची नोंदवही पाहावी, तसेच ते साहित्य मुलांच्या हाती पडते की कपाटातच राहते, हेही पाहावे.

आणि २६ जुलैला गावातील एखाद्या माजी सैनिकास अवश्य बोलवावे. त्यांचे भाषण झाल्यावर त्यांना मुलांसमवेत मैदानावर न्यावे आणि एक तास तेथेच घालवावा. त्या तासाला चपला सांभाळण्यासाठी कोणत्याही मुलाला कडेला बसवू नये. चपला ओळीने ठेवल्या, की त्या आपोआप सांभाळल्या जातात.