पालघटचे गुण

ईश्वराचे गुण सांगायला बसलं की आपल्या तोंडी विशेषणं येतात: सर्वज्ञ, सर्वशक्तिमान, दयाळू. तत्त्वज्ञांची अडचण इथूनच सुरू होते. माणसासाठी घडलेले शब्द ताणून देवाला लावले, तर देव म्हणजे एक थोर माणूस ठरतो. लावलेच नाहीत, तर उपनिषदांतलं ‘नेति नेति’ तेवढं उरतं. बाराव्या शतकातल्या मैमोनिदीझ या ज्यू तत्त्वज्ञाने नकाराखेरीज आणखी एक वाट मोकळी ठेवली: देव कसा आहे ते सांगू नका, त्याची करणी सांगा. ही वाट आपल्या पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीपासून बोईसरच्या पूर्वेकडच्या पाड्यांपर्यंत, वारली लग्नघराच्या भिंतीवर दिसते, असं माझं म्हणणं आहे.

गेरूने सारवलेल्या कुडावर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघट देवी. नावातच पाला आणि घट आहे. पाल्याने ओसंडणारा घट, असा त्याचा अर्थ लावतात. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. काही चौकांत त्याला डोकंच नसतं, मानेतून धान्याचे पाच कोंब वर आलेले असतात. चेहऱ्याची जागा उगवण्याने घेतली आहे. ही केवळ सजावट आहे, त्यात कसलं तत्त्वज्ञान, असं कुणी म्हणेल. पण चौकाशिवाय लग्न लागत नाही, हा रिवाज आहे; सजावट नसली म्हणून लग्न अडत नसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. करणी अनेक, मग देवाचे तुकडे अनेक का मानू नयेत? मैमोनिदीझने याला अग्नीचा दाखला दिला, आणि तो इथल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही. पावसाआधी राब भाजतो तोच विस्तव मातीचा घट कडक करतो आणि तांदूळ मऊ शिजवतो. कामं तीन, विस्तव एक. राहिला दुष्काळ. पावसाने दडी मारली, पीक करपलं, तर पीक उगवून आणणाऱ्या देवीचा गुण गेला का? ‘सर्वशक्तिमान’ म्हणणाऱ्याला या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं, आणि ते आजवर कुणाला नीट देता आलेलं नाही. करणीवरून बोलणाऱ्याला एवढंच कबूल करावं लागतं की यंदा उगवलं नाही. देवीची शक्ती अमर्याद आहे, असा दावा त्या चौकात कुठेच लिहिलेला नाही.