ग्रंथालयाचे दप्तर



बार्शीच्या एखाद्या घरात आजोबा, मुलगा आणि नात असे तिघे पदवीधर असतील, तर त्यांच्या पदव्यांवर तीन निरनिराळ्या विद्यापीठांच्या मुद्रा असू शकतात. सोलापूर जिल्हा आधी पुणे विद्यापीठाच्या कक्षेत होता. १९६२ मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि जिल्हा तिकडे जोडला गेला. पुढे २००४ मध्ये सोलापूरलाच स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. गाव जागचे हलले नाही, कागद मात्र तीन ठिकाणी राहिले. येथील एखाद्या प्राध्यापकाने १९८० च्या सुमारास सादर केलेला प्रबंध शोधावयाचा, तर कोल्हापूरच्या ग्रंथालयाची सूची आधी पाहावी लागते.

अशा वेळी ग्रंथांइतकेच ग्रंथालयाचे दप्तर महत्त्वाचे ठरते. ग्रंथ हरवला तर बहुधा दुसरी प्रत मिळते. दाखल नोंदवही हरवली, तर तो ग्रंथ केव्हा, कोठून, किती किमतीस आला आणि कोणाच्या आदेशाने निर्लेखित झाला, हे सांगणारे दुसरे काही उरत नाही.

शासकीय कचेऱ्यांतील अ, ब, क, ड ही वर्गवारी सर्वांच्या परिचयाची आहे. अ वर्गाचे कागद कायमचे जपावयाचे, ब वर्गाचे तीस वर्षे, क वर्गाचे दहा आणि ड वर्गाचे एक वर्ष. ग्रंथालयांनाही हीच दृष्टी हवी. देवघेवीच्या चिठ्ठ्या पडताळणी होईपर्यंत पुरेत, देयके लेखापरीक्षण पुरे होऊन मुदत संपेपर्यंत. परंतु दाखल नोंदवह्या, निर्लेखनाचे आदेश आणि प्रबंधांच्या सूची यांची जागा कायमच्या कपाटातच असली पाहिजे. सगळेच जपू म्हणणाऱ्या ठिकाणी शेवटी वाळवीच निवड करते!

संगणक आल्यापासून एक नवाच धोका उद्भवला आहे. ग्रंथाचे नाव व लेखक एवढेच यंत्रात भरले जाते, ‘प्राप्तिस्थान’ आणि ‘शेरा’ हे रकाने कोरे राहतात, आणि काम झाले असे समजून जुनी नोंदवही रद्दीत जाते. पुढे आज्ञावली बदलली की भरलेलेही वाचता येईनासे होते. २००९ नंतरचे प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात देण्याची सोय झाली, ही समाधानाची गोष्ट. त्याआधीच्या अनेक प्रबंधांचा भार मात्र अजून कागदावरच आहे.

कायदाही येथे मूक नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने सार्वजनिक संस्थांवर अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याचे कर्तव्य सोपविले आहे. तीस दिवसांत उत्तर द्यावयाचे, तर कागद कोणत्या फडताळात आहे हे आधी ठाऊक हवे.

१८९७ मध्ये बार्शीत अडीच फुटी रुळांची ‘बार्शी लाइट’ आली. ती अरुंद गाडी आता इतिहासजमा झाली आहे. तिचे एखादे जुने वेळापत्रक कोणी ग्रंथालयाला भेट दिले, तर ते कोणाच्या घरून आले हे नोंदवहीतील त्या एका ओळीवरूनच कळेल.