शंभर तासांची उमेदवारी

उमेदवारी हा शब्द आज बहुतेक निवडणुकीपुरताच उरला आहे. जुन्या काळी कचेरीत जो उमेदवार असे, तो निराळा. पुढेमागे नेमणूक होईल या उमेदीवर तो महिनेच्या महिने विनावेतन कारकुनाशेजारी बसे, नकला करी, दप्तर बांधी, आणि असे करता करता सरकारी काम म्हणजे काय हे शिके. त्याच उमेदवारीला अलीकडे इंटर्नशिप हे नाव मिळाले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने २०१८ सालच्या उन्हाळ्यात अशी उमेदवारी केली, तिची ही हकीकत आहे. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही.

त्या वर्षी केंद्र सरकारने ‘स्वच्छ भारत समर इंटर्नशिप’ नावाची योजना काढली होती. विद्यार्थ्याने १ मे ते ३१ जुलै या मुदतीत एखाद्या खेड्यात किमान १०० तास स्वच्छतेचे काम करावे, कामाचा अहवाल द्यावा, म्हणजे त्यास प्रमाणपत्र मिळावे, अशी ती योजना होती. या कामास दोन श्रेयांक देण्याची सोयही ठेविली होती. वेतन मात्र काही नव्हते. उत्तम काम करणारांस पारितोषिके तेवढी होती.

परीक्षेचे वेळापत्रक पाहण्यास गेला असता महाविद्यालयाच्या फलकावर त्याला याची सूचना दिसली. सोबत्यांनी विचारले, “पैसे किती?” काही नाहीत असे कळताच त्यांचा उत्साह मावळला. घरी वडील म्हणाले, “मे महिना वखरणीचा. शंभर तास फुकट द्यावयाचे तर आपल्याच शेताला दे.” अखेर तडजोड झाली. दिवसभर शेत सांभाळावे, आणि पहाटे व सायंकाळी दोन कोसांवरील मामाच्या गावी जाऊन सरकारी काम करावे. त्याने संकेतस्थळावर नाव नोंदविले, महाविद्यालयाची मान्यता घेतली, आणि मामाचेच गाव निवडले.

महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचे त्याच वर्षी एप्रिलमध्ये शासनाने जाहीर केले होते. म्हणजे कागदावर काम संपले, आणि पुढच्याच महिन्यात हा उमेदवार ते करावयास निघाला! पहिल्याच पहाटे गावाबाहेरच्या वाटेवर त्याला पाहून, पथक आले असे समजून, दोघेतिघे लोटे टाकून पळाले. उघड्यावर बसणारांस पकडण्यासाठी जी गुड मॉर्निंग पथके फिरत, त्यांची ती धास्ती होती. भ्यालेला मनुष्य पळतो, सुधारत नाही, हा पहिला धडा त्याला तेथेच मिळाला.

दुसरा धडा मामाच्या अंगणात होता. सरकारी अनुदानाचे १२,००० रुपये घेऊन बांधलेल्या शौचालयाला कुलूप होते. आत तुराट्या व पऱ्हाट्या रचून ठेविल्या होत्या. भाच्याने कारण विचारले, तेव्हा मामा म्हणाले, “बापू, एवढासा खड्डा. दोन वर्षांत भरला म्हणजे उपसणार कोण? आणि उन्हाळ्यात पिण्याचे पाणी दुरून आणावे लागते, ते यात ओतावे काय?”

हे आळसाचे बोलणे नव्हते. मैला उपसण्याचे काम आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या काही जातींवर लादले, आणि त्याची शिसारी मात्र सर्वांच्या मनात राहिली. त्या शिसारीला उत्तर दिल्याखेरीज कुलूप निघणे शक्य नव्हते. विद्यार्थी विज्ञानशाखेचा होता. दुसऱ्या दिवसापासून त्याने उपदेश सोडला आणि खडूने जमिनीवर आकृती काढण्यास आरंभ केला. शौचालयास खड्डे दोन असतात. एका वेळी एकच चालू ठेवावयाचा. त्यातील पाणी व वायू भोवतालच्या मातीत मुरतात, मागे थोडाच घन भाग उरतो. त्यामुळे पाच-सहा माणसांच्या घरास नीट बांधलेला एक खड्डा साधारण पाच वर्षे पुरतो. तो भरला की मधल्या कुंडीतून प्रवाह दुसऱ्या खड्ड्याकडे वळवावा. पहिला दीड-दोन वर्षे झाकून ठेविला असता आतील मैल्याचे दुर्गंधिरहित खत होते, आणि ते शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने काढून शेतात घालावे. पाण्याविषयी म्हणावे तर, खेड्यांसाठी केलेले भांडे उताराचे असते. त्यास दीड-दोन लिटर पाणी पुरते.

मामांनी कुंडीचे झाकण स्वतः उचलून पाहिले. दुसऱ्या खड्ड्याची वाट तेथे होती. ती आहे हे मात्र त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते. सर्व गावाने ऐकले असे मुळीच नाही. काही घरी दुसरा खड्डा खणलाच नव्हता. तेथे आकृतीचा उपयोग काय? काही ठिकाणी बायका व वृद्ध आत जाऊ लागले, पण पुरुषांची वाट जुनीच राहिली.

तास भरले आणि अहवाल लिहिण्याची वेळ आली. एक मित्र म्हणाला, “गाव मुक्त झाले असे सरकार म्हणते. तू उलट लिहिलेस तर प्रमाणपत्र अडेल. आणि मामाचे घर त्यात कशाला घालतोस?” त्या रात्री त्याची लेखणी अडली. खोटे लिहावे तर शंभर तास वाया. खरे लिहावे तर मामाची अब्रू जाते. सकाळी त्याने ही अडचण मामांपुढेच ठेविली. मामा क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, “लिही. पण तुराट्या होत्या हे लिहिशील, तर त्या काढल्या हेही लिही.” आणि खरोखरच त्यांनी त्या दिवशी खोली रिकामी केली.

अहवालात दोन्ही गोष्टी गेल्या. कुलूप किती घरांना आहे, दुसरा खड्डा कोठे नाही, पाणी कोठून येते, हे सारे त्याने जसे पाहिले तसे लिहिले. प्रमाणपत्र अडले नाही.

पुढे २०२४ साली महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणिली. तीत पदवीधरास दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरविले. श्रमाचा मोबदला मिळावा हे योग्यच आहे. तथापि उमेदवारीचे सार विद्यावेतनात नाही. बुलढाण्याच्या विद्यार्थ्यांचे विद्यापीठ ज्या संत गाडगे बाबांचे नाव धारण करते, ते बाबा गावात आले की प्रथम खराटा हाती घेत, आणि कीर्तन मागाहून होई. आधी घाण डोळ्यांनी पाहावी, मग बोलावे, हा तो क्रम होय. सरकारी कागदावर आपण डोळ्यांनी पाहिले तेच लिहावयाचे, एवढे ज्याला शंभर तासांत साधले, त्याची उमेदवारी पुरी झाली असे समजावे.