कसोटी कौशल्याची, शिक्क्याची नव्हे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचा मजकूर)



काल चर्चेच्या वेळी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारले, "आपण समाजवादी माणसे. आपली मागणी एसटीची, सार्वजनिक वाहतुकीची. मग अपंगांच्या हक्कांच्या यादीत मोटार चालवण्याचा हक्क तुम्ही कशासाठी घालता?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर देण्यासाठीच मी उभा आहे. मी स्वतः स्वमग्न आहे आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी मोटार चालवायला शिकलो, म्हणून हे उत्तर मला अनुभवातून देता येईल.

मी एका दूधसंस्थेत हिशेब पाहतो. संकलन पहाटे पाचला सुरू होते आणि आमच्या गावाची पहिली बस सातला येते. २०२१च्या ऑक्टोबरअखेर एसटी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला. कामगारांच्या बाजूने आपण उभे राहिलो, ते योग्यच होते. परंतु त्या महिन्यांत शेजाऱ्याच्या दुचाकीवर मागे बसून जाताना मला एक गोष्ट कळली. ज्याला स्वतःहून कोठे जाता येत नाही, त्याची नोकरी दुसऱ्याच्या मर्जीवर असते.

'स्वमग्न' या शब्दाने लोकांची मोठी फसगत होते. ऐकणाऱ्याला वाटते, हा माणूस आपल्यातच बुडालेला, याला रस्ता कसा दिसणार? माझी अडचण नेमकी उलट आहे. मला रस्ता फार दिसतो. कर्णा, फलक, म्हैस, शाळेची मुले, समोरच्या काचेवरची तिरीप, हे सारे एकाच वेळी आणि सारख्याच जोराने आत येते. त्यातले महत्त्वाचे कोणते, हे निवडायला मला शिकावे लागते. इतरांना ते न शिकता येते, एवढाच फरक.

पहिल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी बारा दिवस टिकलो. शिकवणारे गृहस्थ वाईट नव्हते, पण ते ओरडत, "दाब, दाब!" क्लच की ब्रेक, ते सांगत नसत. "जरा घे" म्हणत. किती आणि कोणीकडे, ते मी ओळखायचे. शेवटी त्यांनी वडिलांना सांगितले, "याला जमणार नाही. पैसे वाया घालवू नका."

दुसऱ्या ठिकाणी एक वयस्क शिक्षक भेटले. स्वमग्नता म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते, पण त्यांनी मला विचारले, "कसे सांगितले तर तुला कळेल?" मी म्हणालो, लिहून द्या. त्यांनी वहीच्या पानावर क्रम लिहिला: आरसा, इंडिकेटर, पुन्हा आरसा, क्लच, गिअर. पहिला आठवडा एकच रस्ता, एकच वेळ. दुसऱ्या आठवड्यात तोच रस्ता बाजाराच्या दिवशी. रस्त्यावरचे अलिखित नियमही त्यांनी लिहून दिले. पुढच्या मालमोटारीने उजवा इंडिकेटर दाखवला तर ती उजवीकडे वळत असेल, किंवा 'मला ओलांडून जा' असे सांगत असेल. नियमांच्या पुस्तकात दुसरा अर्थ नाही, महामार्गावर मात्र तो सर्रास चालतो. शिक्षकांनी लिहिले, "अर्थ पक्का कळेपर्यंत ओलांडायचे नाही." हे वाक्य प्रत्येक नवशिक्याच्या वहीत असावे असे मला वाटते.

पहिल्या परीक्षेत मी नापास झालो. निरीक्षकांनी एका दमात चार सूचना दिल्या आणि मी गाडी थांबवून बसलो. कायद्याने ठरवलेले सात दिवस थांबून पुन्हा गेलो. या वेळी आधीच विनंती केली, "साहेब, एका वेळी एकच सूचना द्यावी." त्यांनी तसे केले. दोन मिनिटे जास्त लागली आणि मी उत्तीर्ण झालो. परीक्षा तीच होती, मैदान तेच होते, चुकांना माफीही नव्हती. बदलली ती फक्त सांगण्याची रीत. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा ज्याला वाजवी सोय म्हणतो, ती माझ्या बाबतीत दोन मिनिटांची होती.

आता भीतीचा मुद्दा. असा माणूस रस्त्यावर धोक्याचा नाही का? अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात नव्याने परवाना मिळालेल्या तरुणांचा अभ्यास झाला आणि २०२१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वमग्न चालकांच्या अपघातांचे प्रमाण इतर नवशिक्यांइतकेच किंवा त्याहून थोडे कमी आढळले. वेगापायी होणारे त्यांचे अपघात तर कमीच होते. मात्र समोरून येणारी रहदारी छेदून वळताना आणि दुसऱ्याला वाट देताना त्यांच्या चुका अधिक होत्या. हेही मी लपवत नाही; उजवे वळण मला आजही कठीण जाते. पण त्यावरचा उपाय अधिक सराव हा आहे, बंदी हा नव्हे. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतील बहुसंख्य मृत्यूंमागे अतिवेग असल्याची सरकारी नोंद आहे. धोका कोठे आहे, हे त्या नोंदीतच लिहिलेले आहे.

शिक्का पाहून माणूस अडवण्याची खोड केवळ आपली नाही. ब्रिटनमध्ये २०१९च्या आरंभी परवाना खात्याने अशी सूचना काढली की, गाडी चालवण्यावर परिणाम होत असो वा नसो, प्रत्येक स्वमग्न चालकाने खात्याला कळवलेच पाहिजे. स्वमग्नांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ती सूचना मागे घेतली गेली. परिणाम होत असेल तरच कळवावे, हा जुना नियम कायम झाला. आपल्याकडे बधिर व्यक्तींनी हाच लढा दिला. २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की, परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला केवळ बधिर म्हणून परवाना नाकारता येणार नाही. २०२० साली सौम्य व मध्यम रंगांधत्व असणाऱ्यांनाही परवान्याची वाट मोकळी झाली. तत्त्व तिन्ही ठिकाणी एकच आहे. काय करता येते ते तपासा. नाव काय आहे ते नव्हे.

पण तत्त्व मान्य होऊन भागत नाही, कारण शिकण्याला पैसे पडतात. माझ्या वडिलांनी दुहेरी शुल्क भरले, म्हणून मला दुसरा शिक्षक मिळाला. शेतमजुराच्या स्वमग्न मुलीला 'जमणार नाही' हा पहिलाच निकाल अखेरचा ठरतो. २०१६च्या कायद्याचे ४१वे कलम सांगते की, अपंग व्यक्तींना परवडेल अशा खर्चात स्वतःहून हिंडताफिरता यावे यासाठी सरकारने योजना आखाव्यात. ते कलम कागदावरून रस्त्यावर आणण्याचे काम आपले आहे. प्रत्येक जिल्ह्यात लेखी सूचना देणारे, घाई न करणारे आणि सरकारी खर्चाने चालणारे प्रशिक्षण असावे, ही मागणी आपण केली पाहिजे.

आता ज्येष्ठ सहकाऱ्यांना माझे उत्तर. स्वमग्न माणसांपैकी अनेकांना गाडी चालवता येणार नाही, आणि कित्येकांना ती चालवायचीच नसेल. त्यांच्यासाठी पहाटे पाचची बस हवी, फलकावर स्पष्ट वेळ हवी आणि गोंधळलेल्या प्रवाशावर न खेकसणारा वाहक हवा. ती मागणी मी सोडलेली नाही. ज्या दिवशी आमच्या गावाला ती बस येईल, त्या दिवशी मी आनंदाने माझी गाडी दारात उभी ठेवीन. परंतु गाडी दारात ठेवायची की रस्त्यावर काढायची, हे माझे मला ठरवता आले पाहिजे. "याला जमणार नाही" म्हणणाऱ्याने ते माझ्यासाठी ठरवता कामा नये.