पंधरा सेकंदांचें गाणें

पूर्णा जंक्शनच्या फलाटावर गाडीची वाट पाहतांना पूर्वीं लोक वर्तमानपत्र वाचीत, तंबाखू मळीत किंवा पिकापाण्याच्या गोष्टी करीत. हल्लीं तेथें बसलेल्या बहुतेक तरुणांच्या हातीं मोबाईल असतो आणि त्यांतून पंधरा-पंधरा सेकंदांचीं गाणीं एकामागून एक निघत असतात. एक मराठी, मग एक इंग्रजी, मध्येंच एखाद्या फ्रेंच बाईनें गायिलेलें. सेलूच्या लग्नघरांत, परभणीच्या शिकवणी-वर्गांच्या जिन्यांत, जिंतूरच्या चहाच्या टपरीवर तेच सूर पुनः कानीं येतात. गुणगुणणाऱ्यास शब्द विचारावे तर ते येत नाहींत. गायक कोण, हें ठाऊक नसतें. चाल मात्र बिनचूक असते.

घरांतील वडील मंडळींचा या गाण्यांवर पहिला आक्षेप असतो तो परकेपणाचा. हा आक्षेप फारसा टिकणारा नाहीं. १९३७ सालीं प्रभातच्या ‘कुंकू’ चित्रपटांत शांता आपटे यांनीं लाँगफेलो या अमेरिकन कवीची कविता इंग्रजींतच गाऊन दाखविली. संगीत केशवराव भोळे यांचें होतें. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांपैकीं किती जणांना तें इंग्रजी कळलें असेल, हा प्रश्न वेगळा. पण जरठ नवऱ्याच्या घरीं फसवून आणलेल्या नीरेच्या तोंडीं ती कविता कां आली, हें कथेवरून प्रत्येकास कळत होतें. पुणतांब्यास जन्मलेले रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनीं तर १९४७ च्या ‘शहनाई’पासून १९५१ च्या ‘अलबेला’पर्यंत विलायती ठेका आणि गोमंतकीय वादकांचें ट्रंपेट हिंदी गाण्यांत असें मुरविलें कीं, ऐकणाऱ्यास त्यांत परकें कांहीं वाटेनासें झालें. त्याच हातानें पुढें १९५३ सालीं ‘अनारकली’च्या गोड चाली बांधल्या. विलायती सुरानें देशी कान बिघडतो, असें म्हणणाऱ्यांनीं या एका माणसाकडे पाहावें.

दुसरा उपाय सुचविला जातो तो बंदीचा. त्याचाही अनुभव महाराष्ट्राला आहे. १९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रांत नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ हद्दपार झालीं. हेतु शुद्ध होता. लोकांनीं रागदारी ऐकावी, अशी त्यांची तळमळ होती. लोकांनीं सुई फिरवून सिलोन लावलें! परभणी त्या वेळीं हैदराबाद राज्यांत होती. पण कोलंबोहून येणाऱ्या लहरींना राज्यांच्या सीमा ठाऊक नव्हत्या. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरांत आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली. पुढें २९ जून २०२० रोजीं सरकारनें टिकटॉकसह ५९ चिनी ॲपें बंद केलीं. कारण सुरक्षिततेचें होतें, गाण्यांचें नव्हे. तरी कित्येक घरांत सुटकेचा निःश्वास टाकला गेला. पण पुढच्याच महिन्यांत इन्स्टाग्रामनें भारतांत रील सुरू केलें आणि तीच गाणीं दुसऱ्या दारानें आंत आलीं.

हीं गाणीं कानाला इतकीं चिकटतात कशीं? त्यांत जादू नाहीं. स्वर थोडे, तेही शेजारशेजारचे; ठेका एकच आणि ठसठशीत; शब्द दोन-चार, तेच पुनः पुनः. त्यांत भर अशी कीं तुकडा मध्येंच तुटतो आणि लगेच पहिल्यापासून सुरू होतो. अपुरी राहिलेली ओळ मन आपली आपण पुरी करूं पाहतें आणि दिवसभर तीच घोळवीत बसतें. अशा चालीला जर्मन भाषेंत ‘कानांतला किडा’ या अर्थाचा शब्दच आहे.

आंखूडपणा हा मात्र दोष नव्हे. गंगाखेड ही जनाबाईची जन्मभूमि. त्या मुलखांत जात्यावरची ओवी थोडक्या शब्दांत संपते. पण तेवढ्यांत दळणारी बाई आपल्या भावाविषयीं, माहेराविषयीं कांहीं तरी पुरें बोलून जाते. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. अब्दुल करीम खांसाहेब किंवा हिराबाई बडोदेकर यांनीं त्या तीन मिनिटांत राग बसविला, तो स्वतः विचार करून. काय ठेवावें आणि काय गाळावें, हें गाणाराच ठरवीत होता. रीलच्या गाण्याला कात्री लावतो तो कोणी तरी तिऱ्हाईत. बरी वाटली तेवढी ओळ त्यानें उचलली, बाकीचें टाकून दिलें. तक्रार करावयाची तर ती येथें करावी.

‘मकेबा’ हें गाणें पाहा. जेन या फ्रेंच गायिकेच्या २०१५ च्या संग्रहांतलें तें गाणें. २०२३ सालीं तें एकाएकीं जगभर वाजूं लागलें. एका अमेरिकन विनोदी नटाच्या नाचाच्या तुकड्याला कोणीं तें जोडलें आणि मग मांजरें, पोरें, पडणारीं माणसें, सर्वांच्या गमतीला तेंच गाणें लागूं लागलें. गाण्यांत पुनः पुनः येणारा तो शब्द म्हणजे निरर्थक बोल आहे, असें पुष्कळांस वाटतें. तें एका बाईचें आडनांव आहे. मिरियम मकेबा ही दक्षिण आफ्रिकेची गायिका १९३२ सालीं जन्मली. १९६० सालीं आईच्या अंत्यविधीसाठीं परत जाऊं लागली तेव्हां तिला कळलें कीं, सरकारनें तिचें पारपत्र रद्द केलें आहे. १९६३ सालीं तिनें संयुक्त राष्ट्रांपुढें वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध साक्ष दिली. त्यावर तिचें नागरिकत्व गेलें आणि मायदेशांत तिच्या तबकड्यांवर बंदी आली. ती घरीं परतली ती १९९० सालीं. २००८ सालीं इटलींत, गाण्याचा कार्यक्रम करून रंगमंचावरून उतरल्यावर, तिनें प्राण सोडला. एवढें आयुष्य ज्या नांवांत आहे, तें नांव मांजराच्या उडीला ताल म्हणून वाजतें!

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ‘वेलरमन’ हें न्यूझीलंडमधील देवमासे मारणाऱ्यांचें जुनें गाणें पुस्तकांत आणि थोड्याशा हौशी मंडळींच्या तोंडींच राहिलें असतें. २०२० च्या अखेरीस नेथन एव्हन्स या स्कॉटलंडमधील टपालवाल्यानें तें एकट्यानें, मुठीनें ठेका धरून, टिकटॉकवर म्हटलें. भजनांत बुवांनीं धरलेलें ध्रुपद टाळकरी उचलतात, तसें तें अनोळखी लोकांनीं आपापल्या देशांतून उचललें; कोणी त्याला खर्ज लावला, कोणी व्हायोलिनची साथ केली. मार्च २०२१ मध्यें तें ब्रिटनच्या विक्रीयादींत पहिल्या क्रमांकावर गेलें. हें काम छोट्या चित्रफितीवांचून झालें नसतें.

परंतु रीलमध्यें येतें तें केवळ ध्रुपद. वेलर बंधूंनीं १८३१ सालीं ओटाकू येथें देवमासे मारण्याचें ठाणें घातलें. अशा किनारी ठाण्यांवरील मजुरांना रोख मजुरी मिळत नसे. कपडे, दारू, तंबाखू हाच मोबदला. वेलरचा माणूस जहाजांतून साखर, चहा आणि रम घेऊन केव्हां येतो, याकडे त्या लोकांचे डोळे लागलेले असत. परभणी जिल्ह्यास ही गोष्ट परकी वाटूं नये. सोनपेठ, गंगाखेड, पालम या बाजूंचीं कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात तीं मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर घेऊनच. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि हंगाम संपला तरी कित्येकांची उचल फिटत नाहीं. ती पुढच्या वर्षावर चढते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत सामानावर बसलेल्या पोरानें हें ध्रुपद मोबाईलवर लावलें, तर तें आपल्याच आईबापांच्या जातीच्या मजुरांचें आहे, हें त्याला त्या पंधरा सेकंदांत कळण्याचा संभव नाहीं.

ती गोष्ट पुढच्या कडव्यांत आहे. शेवटीं होड्या गेल्या आहेत, देवमासा अजून हातीं आलेला नाहीं, दोर कोणी कापूं देत नाहीं आणि वेलरचा माणूस नेमानें येतच आहे. सबंध गाणें तबकडीच्या एका बाजूहूनही लहान आहे आणि त्याच मोबाईलवर ऐकतां येतें.